आठ हजारांचा करार : प्रेमचंद आणि मुंबईचे दहा महिने

१९३४ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस बनारसहून दिल्लीस एक पत्र गेले. मुंबईची एक चित्रपट कंपनी मला वर्षाला आठ हजार रुपये देऊन बोलावते आहे, आणि माझी अवस्था आता अशी आहे की होकार देण्यावाचून गत्यंतर नाही, एक तर तेथे जावे किंवा आपली कादंबरी बाजारात मिळेल त्या भावाने विकावी, अशा आशयाचा त्यात मजकूर होता. लिहिणारे होते मुंशी प्रेमचंद. ज्यांना ते लिहिले, ते होते जैनेंद्रकुमार.

जैनेंद्रकुमार हे नाव आपल्या घरांतील जुन्या वाचकांस अपरिचित नसावे. अलीगढ जिल्ह्यातील कौडियागंज येथे १९०५ साली एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हस्तिनापूरच्या ऋषभ ब्रह्मचर्याश्रमात त्यांचे बालपणीचे शिक्षण झाले. 'परख', 'सुनीता', 'त्यागपत्र' या कादंबऱ्यांनी हिंदी साहित्याला माणसाच्या अंतर्मनाकडे वळविले. वयाने ते प्रेमचंदांहून पंचवीस वर्षांनी लहान, प्रकृतीनेही अगदी निराळे. तरीही आपल्या कर्जाची आणि अगतिकतेची गोष्ट हिंदीतील त्या थोर कादंबरीकाराने या तरुण मित्राजवळ मोकळेपणाने बोलून दाखविली, याचे मला नेहमी नवल वाटते. माझ्या बँकेतील अनुभव असा की, माणूस कर्ज मागताना व्यवस्थापकाशी जेवढे बोलतो, त्याहून कितीतरी अधिक तो बाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या परक्या माणसाशी बोलतो.

प्रेमचंदांना आपण 'गोदान'चे लेखक म्हणून ओळखतो. (मुंबईच्या जुन्या जैन व्यापारी घराण्यांत 'प्रेमचंद' म्हटले की प्रथम प्रेमचंद रायचंद आठवतात, कापसाच्या तेजीत अमाप संपत्ती मिळविणारे, १८६५ च्या मंदीत ती गमावणारे, आणि आईच्या नावाने राजाबाई टॉवर उभारून देणारे. आमच्या घरी कितीतरी वर्षे या दोन नावांची गल्लत होत असे.) परंतु आठ हजारांच्या त्या कराराचा अर्थ कळण्यासाठी या लेखकाचे जमाखर्चाचे पुस्तक थोडे मागून चाळावे लागेल.

बनारसजवळच्या लमही गावी ३१ जुलै १८८० रोजी धनपतराय यांचा जन्म झाला. वडील टपाल खात्यात कारकून. आई लहानपणीच गेली, पंधराव्या वर्षी लग्न झाले आणि त्यानंतर लवकरच वडीलही निवर्तले. घराचा सारा भार शाळकरी मुलावर आला. पुढे एका आत्मकथनात त्यांनी सांगितले आहे की, एकदा खिशात काहीच उरले नाही, तेव्हा त्यांनी दोन रुपयांना घेतलेले अंकगणिताचे मार्गदर्शक पुस्तक दुकानदाराला एका रुपयास विकले. त्याच दुकानात एका मुख्याध्यापकांची गाठ पडली आणि दरमहा अठरा रुपयांची शिक्षकाची नोकरी मिळाली. तेव्हापासून त्यांनी शिक्षण खात्यात इमानाने चाकरी केली. १९०८ साली 'सोजे वतन' हा उर्दू कथासंग्रह प्रसिद्ध झाला. सरकारला त्यात राजद्रोहाचा वास आला, लेखकाला जिल्हाधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागले आणि पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या. 'नवाबराय' हे टोपणनाव त्यामुळे टाकावे लागले आणि 'प्रेमचंद' हे नाव जन्मास आले. फेब्रुवारी १९२१ मध्ये गोरखपूर येथे गांधीजींचे भाषण ऐकल्यावर काही दिवसांतच त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. पदरात मुले, प्रकृती तोळामासा. राजीनाम्यास पाठिंबा देणाऱ्या पत्नी शिवरानीदेवी यांचे धैर्य मला त्यांच्याहून काकणभर अधिकच वाटते.

यानंतर मात्र त्यांनी एक निर्णय असा घेतला की, माझ्यापुढे तो प्रस्ताव आला असता तर मी दोनदा विचार केला असता. १९२३ साली त्यांनी बनारसला 'सरस्वती प्रेस' हा छापखाना काढला. छापखान्याचा धंदा बाहेरून दिसतो तितका सोपा नसतो. यंत्र आणि खिळे यांत भांडवल अडकून पडते, कागद उधारीवर आणावा लागतो, कामगारांचे पगार मात्र रोखीने व वेळेवर द्यावे लागतात, आणि छपाईची बिले महिनोन्महिने वसूल होत नाहीत. त्यातच मार्च १९३० मध्ये त्यांनी 'हंस' मासिक सुरू केले आणि १९३२ साली 'जागरण' हे पत्र हाती घेतले. एका तोट्यातल्या धंद्याच्या पाठीवर आणखी दोन तोट्याचे धंदे! सरकारची वक्रदृष्टी आणि जामिनाच्या रकमेची टांगती तलवार निराळीच. कादंबऱ्यांतून जे मिळे ते छापखाना गिळी. हिशेबनीस म्हणून पाहिले तर हा सरळसरळ बुडीत खात्यात पैसे टाकण्याचा प्रकार होता. पण 'हंस' बंद करा असे त्यांना कोणी सांगितले असेल, तर त्याने ते त्यांच्या तोंडावर सांगण्याचे धाडस केले असेल असे मला वाटत नाही.

येथे एक विषय टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आपण व्यापारी समाजाचे लोक आहोत, आणि प्रेमचंदांच्या साहित्यात सावकार व महाजन यांचे चित्र काही आपल्याला सुखावणारे नाही. आमच्या घरी अडतीचे दुकान होते. आजोबा धान्याचा व्यापार करीत, शेतकऱ्यांना हंगामाआधी उचलही देत. मी वाणिज्य शाखेत शिकत असताना सुटीत एके रात्री त्यांना 'सवा सेर गेहूँ' ही कथा वाचून दाखविली होती. शंकर नावाचा गरीब शेतकरी दारी आलेल्या साधूसाठी गावच्या विप्र महाराजांकडून सव्वा शेर गहू उसने घेतो. पुढे खळ्यावर थोडे अधिक धान्य देऊन आपण फेड केली असे तो समजतो. सात वर्षांनी त्याच्या नावावर साडेपाच मण गहू बाकी निघतो. त्या ऋणापायी तो आयुष्यभर वेठीस राहतो, आणि त्याच्या मागे त्याचा मुलगा.

आजोबांनी कथा लक्षपूर्वक ऐकली. मग ते म्हणाले, "हा सावकार आपल्यातला नव्हे." स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, "माणूस नसेल आपल्यातला, वही तर आपल्यासारखीच आहे." आजोबांनी उत्तर दिले नाही. मी त्या रात्री कागद घेऊन गणित मांडले. मणाचे चाळीस शेर धरले, तर सव्वा शेराचे सात वर्षांत दोनशे वीस शेर व्हायला मुद्दल दरवर्षी दुपटीहूनही किंचित अधिक वाढावे लागते. पुढे बँकेत चक्रवाढीची कोष्टके हाताळताना ते दोनशे वीस शेर मला कित्येकदा आठवले.

प्रेमचंदांनी व्यापाऱ्यांची केवळ निंदाच केली, असेही म्हणता येणार नाही. 'नमक का दारोगा' मधील पंडित अलोपीदीन लाच देऊ पाहणारा धनिक आहे, पण ज्याने ती नाकारून आपल्याला पकडले त्याच प्रामाणिक अधिकाऱ्याला तो शेवटी स्वतःच्या इस्टेटीचा व्यवस्थापक नेमतो. सचोटीची किंमत ओळखणारा हा व्यापारी आपल्याला परका वाटत नाही. आणि 'गबन' ही कादंबरी तर माझ्या मते प्रत्येक नव्या रोखपालाला वाचायला द्यावी. पत्नीच्या दागिन्यांची हौस पुरविण्यासाठी नगरपालिकेतील एक साधा कारकून उधारी करतो आणि मग सरकारी रकमेला हात लावतो. तो दुष्ट नाही, लोभीही फारसा नाही, त्याला घरी खरे सांगण्याची लाज वाटते एवढेच. अफरातफरीची जी प्रकरणे माझ्या पाहण्यात आली, त्यांतील निम्म्याहून अधिकांचे मूळ याच लाजेत होते.

तर असा हा, कर्जाचे मानसशास्त्र इतक्या बारकाईने जाणणारा लेखक, स्वतःचे कर्ज फेडण्यासाठी जून १९३४ च्या आरंभी मुंबईस आला. कंपनीचे नाव अजंता सिनेटोन, तिचे चालक-दिग्दर्शक मोहन भवनानी. आठ हजार म्हणजे दरमहा सुमारे सहाशे सहासष्ट रुपये. अठरा रुपयांपासून आरंभ केलेल्या माणसाला ही रक्कम केवढी वाटली असेल! भारतीय बोलपट त्या वेळी अवघा तीन वर्षांचा होता. 'आलम आरा' १९३१ चा. गाणी आणि संवाद लिहिणाऱ्यांची निकड होती आणि नावाजलेल्या लेखकांची नावे जाहिरातीस उपयोगी पडत. प्रेमचंदांच्या 'सेवासदन'चे हक्कही एका कंपनीने साडेसातशे रुपयांना घेतले होते. नानूभाई वकील यांनी त्यावर काढलेला चित्रपट १९३४ मध्येच आला, आणि आपल्या कादंबरीचे पडद्यावर काय झाले हे पाहून लेखक खिन्न झाला.

दादरला बिऱ्हाड झाले. दादरच्या दक्षिणेस परळ-लालबागचा गिरणगाव, आणि त्याच वर्षी एप्रिलपासून जूनपर्यंत तेथील कापड गिरण्यांत मजुरी-कपातीविरुद्ध मोठा संप चालला होता. प्रेमचंदांनी चित्रपटासाठी जी कथा लिहिली, तिचा विषय गिरणीच होता. 'मिल' आणि 'मजदूर' अशा दोन्ही नावांनी हा चित्रपट ओळखला जातो. गिरणीच्या दिवंगत मालकाचा मुलगा उधळ्या आणि कठोर, मुलगी मात्र दयाळू. तिची सहानुभूती कामगारांकडे. संप होतो, संघर्ष पेटतो, आणि अखेरीस मुलीच्या हाती गिरणीची सूत्रे येऊन तडजोड घडते. जयराज आणि बिब्बो यांच्या भूमिका असलेल्या या चित्रपटात प्रेमचंद स्वतःही कामगारांच्या पुढाऱ्याच्या लहानशा भूमिकेत क्षणभर पडद्यावर आले.

आज ही कथा कुणाला अगदी सौम्य वाटेल. मालक वर्ग दुष्ट आहे असे तीत म्हटलेले नाही, एक मालक वाईट आणि दुसरी चांगली एवढेच. पण गिरणगाव नुकताच धुमसून गेला होता. मुंबईच्या वजनदार उद्योगपतींनी आपले वजन खर्ची घातले आणि शहरात चित्रपट रोखला गेला. लाहोर, दिल्ली येथे तो लागला, पण तेथेही त्यावर बंदी आली. ज्या शहरासाठी आणि ज्या शहरात तो निर्माण झाला, तेथील कामगारांना तो तेव्हा पाहता आला नाही. आता तर त्याची प्रतही उपलब्ध नाही. प्रेमचंदांना पडद्यावर चालता-बोलताना पाहण्याची एकमेव संधी त्या हरवलेल्या फितीबरोबर गेली.

याच काळात बनारसहून वार्ता आली की, सरस्वती प्रेसच्या कामगारांनी थकलेल्या पगारासाठी संप केला आहे. मुंबईत कामगारांच्या बाजूने पटकथा लिहिणारा लेखक बनारसमध्ये पगार थकविणारा मालक होता! या योगायोगावर त्या काळीही लोक हसले, आजही लेख लिहिणारे हसतात. मला हसू येत नाही. पगाराच्या दिवशी गल्ला रिकामा असणे म्हणजे काय, हे ज्याने दुकान किंवा कारखाना चालविला आहे त्यालाच कळते. कामगारांची मागणी रास्त होती आणि मालकाच्या हाती पैसा नव्हता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मुंबईची नोकरी त्यांनी धरली होती ती मुळात असेच खड्डे बुजविण्यासाठी.

पैसा मिळत होता, पण मन रमत नव्हते. जैनेंद्रकुमारांना त्यांनी मुंबईहून कळविले की, ज्या हेतूंनी आपण येथे आलो त्यांतील एकही पुरा होताना दिसत नाही. निर्माते जुन्या चाकोरीतून तसूभरही हलायला तयार नाहीत, आणि ज्याला आपण हीन अभिरुची म्हणतो त्याला ते करमणुकीचे मूल्य म्हणतात. लेखकाने कथा द्यावी, आणि मग दिग्दर्शक, गीतकार, नृत्याची मागणी, वितरकाची आवड अशा अनेक हातांतून जाता जाता तिने ओळखू येईनासे व्हावे, हा त्या धंद्याचा शिरस्ता. एकट्याने टेबलाशी बसून लिहिणाऱ्या माणसाला तो मानवणे कठीणच. डिसेंबरमध्ये ते हिंदी प्रचाराच्या कार्यक्रमासाठी मद्रासला गेले, तेथील लोकांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. तो प्रवास त्यांना मुंबईपेक्षा कितीतरी सुखाचा झाला.

आपल्याकडचे एक उदाहरण येथे सहज आठवते. दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, वि. स. खांडेकरांनी कोल्हापूरच्या हंस पिक्चर्ससाठी 'छाया' लिहिला आणि पुढे कित्येक वर्षे ते चित्रपटासाठी लिहीत राहिले. त्यांना मास्टर विनायकांसारखा, लेखकाचा शब्द जाणणारा दिग्दर्शक लाभला होता. शिवाय त्यांच्या डोक्यावर छापखान्याचे ओझे नव्हते. कादंबरीकाराला चित्रपट मानवत नाही, असा सरसकट निष्कर्ष त्यामुळे मी काढणार नाही.

करार वर्षाचा होता. प्रेमचंद एप्रिल १९३५ च्या आरंभी, वर्ष पुरे होण्यापूर्वीच, मुंबई सोडून निघाले. बॉम्बे टॉकीजच्या हिमांशू राय यांनी त्यांना थांबवून पाहिले. म्हणजे दुसरा करारही समोर होता. व्यवहाराच्या दृष्टीने विचार करा: डोक्यावर देणे, घरी शिकणारी मुले, प्रकृती ढासळलेली, आणि बाजारात आपल्या नावाला भाव. अशा वेळी निघून येणारा ऋणको मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. परत जाऊन त्यांनी काय केले? 'गोदान'चे अर्धवट राहिलेले हस्तलिखित पुन्हा हाती घेतले.

'गोदान' जून १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. होरीची गाय, त्याचे दातादीन, झिंगुरीसिंह, मंगरू साह, दुलारी सहुआइन असे चौफेर पसरलेले सावकार, हे सर्वांच्या स्मरणात असते. पण तिच्या शहरातल्या भागाकडे वाचकांचे दुर्लक्ष होते. तेथे खन्ना नावाचे गृहस्थ आहेत, बँकेचे व्यवस्थापक आणि साखर कारखान्याचे मालक. कारखान्यात मजुरी कमी होते, संप होतो, कमी मजुरीवर नवे कामगार आणले जातात, हाणामारी होते आणि अखेर कारखाना आगीत भस्मसात होतो. 'मजदूर' मधील गिरणीच जणू येथे पुन्हा उभी राहिली आहे. फरक एवढाच की तडजोड घडवून आणणारी मालकाची दयाळू मुलगी येथे नाही. चित्रपटाला जो गोड शेवट द्यावा लागला, तो कादंबरीत त्यांनी दिला नाही. मुंबईचे दहा महिने वाया गेले असे समीक्षक म्हणतात, तेव्हा मला हे प्रकरण त्यांच्यापुढे ठेवावेसे वाटते.

त्यांचा अखेरचा निबंध 'महाजनी सभ्यता' सप्टेंबर १९३६ च्या 'हंस'मध्ये आला. पैसा हेच ज्या समाजाचे एकमेव माप झाले, त्याच्यावरचा तो कठोर हल्ला आहे. तो वाचून मला अस्वस्थ वाटते, आणि पूर्ण पटतही नाही. व्याजखोरी आणि पत यांत त्यांनी भेद केला नाही. उधारीवर मिळालेल्या कागदावरच तर 'हंस' निघत होता, आणि तो उधार देणाराही कोणी व्यापारीच असणार. पण आजोबांच्या वहीपुढे बसून हे उत्तर आजीला देण्याची माझी छाती झाली नसती.

त्या उन्हाळ्यात सरकारने 'हंस'कडे पुन्हा जामीन मागितला होता. मासिक तेव्हा भारतीय साहित्य परिषदेकडे सोपविलेले होते, आणि परिषदेने ते बंद करण्याचे ठरविले. प्रेमचंद अंथरुणाला खिळले होते. त्यांनी शिवरानीदेवींना सांगून जामिनाची रक्कम भरविली आणि 'हंस' परत आपल्या नावावर घेतला. जलोदराने शरीर सुजलेले, औषधाला पैसे कमी, आणि त्यातून ही रक्कम.

७ ऑक्टोबर १९३६ च्या रात्री जैनेंद्रकुमार त्यांच्या उशाशी बसले होते. ईश्वरावर विश्वास नसलेला तो मित्र आणि हस्तिनापूरच्या आश्रमात वाढलेला हा तरुण यांच्यात या विषयावर पूर्वी अनेकदा बोलणे झालेले होते. त्या रात्रीही देवाची गोष्ट निघाली. प्रेमचंद 'हंस'बद्दल बोलत होते, त्याचे पुढे काय होईल याची त्यांना चिंता होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे निधन झाले. वय छप्पन्न.

त्यांच्या टेबलावर 'मंगलसूत्र' या नव्या कादंबरीची थोडी प्रकरणे लिहून पडली होती. तिचा नायक देवकुमार हा लेखक आहे, आयुष्यभर पैशाकडे पाठ फिरविलेला. त्याने पूर्वी स्वस्तात विकलेली वडिलोपार्जित मालमत्ता न्यायालयातून परत मिळवावी, असा त्याच्या मुलाचा आग्रह आहे, आणि म्हातारपणी देवकुमारही त्याकडे झुकू लागला आहे. खटल्याचा निकाल लागण्याआधीच कागद संपतात.